लेकराचं वय काय?

आमच्या मामांना निवांत बसलेलं पाहिलंय असं छातीठोकपणे सांगणारा माणूस उदगीर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली आणि कंडक्टरलाही बसायला जागा असते ही गोष्ट बहुधा त्यांना कुणी कळवलीच नव्हती. निवृत्त झाले तरी पाय काही निवृत्त झाले नाहीत. जेवण ओट्यावर ताट ठेवून उभ्यानं, चहा अंगणात येरझाऱ्या घालत, आणि पेपराचं एक पान म्हणजे पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंतचं अंतर. पूजेला तेवढे टेकायचे, पण मामी म्हणायच्या, "महादेवालाच कुठं तरी जायचं असंल. दोन मिनटात मोकळं करतेत त्याला." लग्नाच्या मांडवात शिरले की आधी डोकी मोजायचे आणि "चला, सरका म्होरं, मधी जागा हाय," म्हणत वऱ्हाड पुढं ढकलायचे. रिक्षात बसलो की टपावर दोनदा थाप मारायचे. त्याशिवाय रिक्षा हलू शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. उदगीर-मुखेड-कंधार या रस्त्यावर लेकराचं वय चोरून प्रवास करणं त्यांच्या काळात कुणाला जमलं नाही. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नसायचं, म्हणून बाया धट्टीकट्टी पोरं पदराखाली घेऊन बसायच्या, पाय दुमडून, मान मोडून. मामा जवळ आले की "चारच वर्साचा हाय हो," असा आवाज यायचा. मामा आईशी एका शब्दानं वाद घालत नसत. खिशातून लिमलेटची गोळी काढायची, लेकराच्या हातावर ठेवायची आणि लाडानं विचारायचं, "कितवीत हाय रं बाळा?" लेकराला शाळेत जात असल्याचा अभिमान असतोच. ते पदराबाहेर तोंड काढून खणखणीत आवाजात इयत्ता सांगायचं, आणि मामा अर्धं तिकीट फाडून आईच्या हातावर ठेवायचे. "आई खोटं बोलंल, बाप खोटं बोलंल, लेकरू न्हाई बोलत," हा त्यांचा सिद्धांत. एकदा तर सख्ख्या साडूच्या पोराचं अर्धं फाडलं होतं. त्या घरानं दोन दिवाळ्या तोंड दाखवलं नाही.

दुसरं वेड कागदांचं. निळ्या रेक्झिनच्या पिशवीत अख्ख्या खानदानाचे कागद, प्रत्येकाच्या आठ-आठ झेरॉक्स. नवा कागद घरात आला की आधी देवासमोर ठेवायचा, त्याला भस्माची तीन बोटं ओढायची आणि लगोलग चौकात नेऊन लॅमिनेशन करून आणायचं. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी लाजून सांगत नाही. माझ्या आईला सही येत नव्हती आणि तिच्या पोरानं बी.ए. केलं, यात लाजण्यासारखं काय आहे? पण माझं पदवी प्रमाणपत्र मी धड बघायच्या आत मामांनी ते भस्मासकट प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलं. पुढं लातूरला नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी त्यावरचा पांढरा पट्टा नखानं खरवडून पाहिला आणि विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणालो, "मामा आहेत." नोकरी लागली. मामा त्याचं श्रेय आजही पट्ट्याला देतात. तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत, बीए म्हणतात. "ऐ बीए, हे वाच की, काय लिहिलंय?"

तर गोष्ट अशी झाली की त्यांची मुलगी अश्विनी, म्हणजे माझी मामेबहीण, हिला बंगळुरूत नोकरी लागली. जावईबापू आधीपासून तिथंच होते. अश्विनी पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी आली होती आणि घराचं, नोकरीचं जमेपर्यंत लेकीसह उदगीरलाच राहिली. लेक ओवी, दोन वर्षांची व्हायला थोडे दिवस कमी. सोमवारी सकाळी हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला, असं कंपनीनं स्पष्ट कळवलं होतं. आमच्या घरातली पगार घेणारी ती पहिली बाई ठरणार होती. मामांनी फर्मान काढलं, "रेल्वे न्हाई, एसटी न्हाई. माझी पोर इमानानं जाईल."

नांदेडहून रविवारी दुपारचं विमान मी काढलं. दोन वर्षांखालचं लेकरू आईच्या मांडीवर जातं, पण वयाचा दाखला लागतो. हे वाचून दाखवल्यावर मामांच्या अंगात जुना कंडक्टर संचारला. "म्हंजे इमानात बी इचारतेत? बरं करतेत!" म्हणत त्यांनी पिशवीतून ओवीच्या जन्माचा दाखला काढला. लॅमिनेशन चकचकीत, भस्माची तीन बोटं ठळक. मी वाचला. बापाचं नाव होतं, आईचं होतं, गाव, तारीख, सगळं होतं. बाळाच्या नावाची जागा कोरी.

"मामा, यात ओवी कुठंय?"

"आता बारश्याच्या आधी नाव कुठून आणू? पोरगी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी नोंद करून दाखला आणला मी. सहीची शाई वाळली नव्हती!"

"आणि बारशानंतर?"

मामा पहिल्यांदाच जागच्या जागी थांबले. "प्लॅस्टिकमंदी गेल्यावर कोण काढतंय भाईर," ते हळू आवाजात म्हणाले. लसीच्या कार्डावरही नुसतं 'बाळ' लिहिलेलं. तिकीट ओवीचं आणि दाखला निनावी. मामांचा न्याय मामांवरच उलटला होता: नावाबिगर पासावर त्यांनी तीस वर्षांत कुणाला बसू दिलं नव्हतं.

नाव चढवायला आई-बापाच्या सहीचा अर्ज हवा होता. जावईबापूंनी सही करून तो कुरिअरनं पाठवला. तोपर्यंतचे पाच दिवस मामांनी घरात असे काढले की मामींनी अंगणातली रांगोळीच बंद केली, काढली की पायाखाली जायची. अर्ज गुरुवारी संध्याकाळी आला. शुक्रवारी आम्ही जन्म-मृत्यूच्या नोंदी होतात त्या कचेरीत. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे आज नाही तर नाहीच.

खिडकीमागं चाळिशीचा एक कारकून होता. त्यानं अर्ज पाहिला, त्याला जोडलेला ओवीचा फोटो पाहिला, दाखला पाहिला, मग मामांकडं पाहिलं आणि पाहतच राहिला.

"कंडक्टरसाहेब ना तुम्ही? मुखेड गाडीचे?"

"हाव. तुमी कोण म्हणायचं?"

"मी कुणी का असंना. लेकराचं वय काय?"

"दोनाला चार दिवस कमी," मामा म्हणाले.

"बघा हं! नक्की? मोठी दिसते फोटोत." कारकून खुर्चीत मागं रेलला. "एकदा आई मला घिऊन आजोळी चालली होती. तुमाला म्हणली, चार वर्साचा हाय. तुमी मला लिमलेटची गोळी दिली आन् इचारलं, कितवीत हाय. मी म्हणलो, तिसरीत! तेराचा पाढा म्हणून दाखवू का? सात तेरं एक्याण्णवपर्यंत म्हणलोय तुमाला."

मामांचा हात आपसूक लिमलेटच्या खिशाकडं गेला.

"उतरल्यावर आईनं असं बदडलं, साहेब, की तेराचा पाढा म्हणलं की अजून पाठ दुखते." सगळी कचेरी हसायला लागली. मग तो शांतपणे म्हणाला, "बसा तिथं बाकड्यावर. साहेबाची सही झाली की देतो."

आणि मामा बसले. दोन तास. गुडघे हलत होते, पंजे हलत होते, पण बूड हललं नाही. दुपारी कारकुनानं नवा दाखला दिला, ओवीच्या नावाचा. मामांनी दोन्ही हातांनी घेतला आणि ते चौकाकडं वळायच्या आत मी तो काढून माझ्या पाकिटात ठेवला. चौकातलं लॅमिनेशनचं दुकान उघडंच होतं.

रविवारी नांदेडच्या विमानतळावर मामांना दारापाशीच अडवलं. ज्याचं तिकीट त्यानंच आत. हा नियम मोडा असं ते कुणाला म्हणणार? त्यांनी दारावरच्या जवानाला सलाम ठोकला आणि बाजूला झाले. जवानानं अश्विनीचं आधार पाहिलं, तिकीट पाहिलं आणि कडेवरच्या ओवीचा गाल ओढून विचारलं, "कितने साल की है गुड़िया?"

ओवीनं दोन बोटं ताठ उभी केली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडली, "दोन!"

मी मामांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. अश्विनीनं घाईघाईनं दाखला पुढं केला. जवानानं तारीख पाहिली, बोटांवर मोजली आणि हसून म्हणाला, "दो दिन बाकी हैं, मैडम. जाइए."

काचेच्या दारातून पिशव्या, पाळण्यातली उशी, ओवीची दोन बोटं आत गेली. ती वळून आम्हाला बोटंच दाखवत होती.

"हे कुणी शिकवलं तिला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मी," मामा म्हणाले. "महिनाभर घोकून घेतलं. मंगळवारी वाढदिवस हाय तिचा. मी काय ऱ्हाणार हाय का तिथं? म्हणलं, निदान माझ्यासमोर एकदा दोन वर्साची होऊ दे."

विमान गेल्यावर आम्ही एसटी धरली. मामा खिडकीशी बसले. जुना निनावी दाखला त्यांच्या हातात होता, त्यानंच वारा घेत होते. शेजारी एक बाई, मांडीवर पोरगं, त्याचे पाय जमिनीला टेकलेले. नवा कंडक्टर आला. "केवढा हाय ह्यो?"

"चार वर्साचा," बाई म्हणाली.

पोरानं तोंड उघडलं. त्याला काही तरी सांगायचं होतं, इयत्ता असणार. मामांनी खिशात हात घातला, लिमलेटची गोळी काढली आणि पटकन त्याच्या तोंडात सारली.

"चारच हाय," ते कंडक्टरला म्हणाले. "मोठा दिसतोय नुसता."

कंडक्टर पुढं सरकला. पोरगं गोळी चोखत राहिलं. मामा उदगीर येईपर्यंत जागचे उठले नाहीत.