टेकचंदचा वर केलेला हात

टेकचंद गेला हे सांगायला त्याच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला, तेव्हा मी धरमकाट्यावर नुकत्याच तोललेल्या धानाच्या ट्रकची पावती छापत होतो. त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं आणि मी तळहात वर केला. फोनवर हात दिसत नाही हे मलाही कळतं... पण ती टेकचंदची सवय, इतक्या वर्षांच्या संगतीत मलाही लागली. त्याला आता महिना झाला.

टेकचंद गोंदियाचा, प्रिंटर दुरुस्त करणारा. सौंदडकडच्या आमच्या राइस मिलमधला खडखड्या प्रिंटर आजही त्याच्याच जिवावर चालतो. मी बोलायला लागलो की सुटतो. टेकचंद मध्येच हात वर करायचा, डोळे मिटायचा, आणि हात खाली आला की म्हणायचा, "हां, पाठव." त्यामागचं शास्त्रही त्याने मला काट्यावरच शिकवलं. "कम्प्युटर तुझ्यासारखा गा शालिक, भडाभडा बोलते. प्रिंटर माझ्यासारखा, एकेक अक्षर ठोकते. झोळी भरली का थो थांब म्हणते. एक तर केबलमधल्या वेगळ्या तारेनं, नाही तर खुणेचं अक्षर धाडून. कसं म्हणाचं थे दोघायचं आधी ठरलं पाह्यजे. हा तारेकडे पाहून राहिला अन् थो अक्षर धाडून राहिला, त झाला सत्यानाश." वहिनींसमोर मात्र त्याचा हात कधी वर गेलेला मी पाहिला नाही.

तो सत्यानाश मीच केला. एका हंगामात प्रिंटर पुसताना आतलं छोटं झाकण उघडलं. बारीक बटणांची रांग होती, त्यातलं एकच वर. मला ते वाकडं वाटलं, म्हणून ओळीत बसवलं. छोट्या पावत्या निभावल्या, पण संध्याकाळी दिवसभराची लांब यादी काढली तर प्रिंटर अक्षर धाडून थांब म्हणतोय आणि कम्प्युटर तारेकडे बघत ओततोच आहे. मधले शब्द गळाले आणि मालकाच्या रकान्यात छापून आलं, 'कोंडा'. सेठजींनी कागद डोळ्यांशी धरला. "हमको कोंडा लिख दिया?"

आठवड्याआधीच टेकचंदने प्रिंटर तपासला होता, त्यामुळे आळ त्याच्यावर. दोन दिवस तो टेबलाखाली आडवा पडून केबल तपासत होता, आणि जन्मात गप्प न बसलेला मी दोन दिवस गप्प होतो. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "सेठजी, मेरे हाथ से ही सेटिंग रह गई थी." सेठजींनी त्याला हमालांसमोर निकम्मा म्हटलं. मी पावत्या लावत बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा धीर केला. "टेकचंद, थो कोंड्याचा मामला..." त्याने हात वर केला, डोळे मिटले. मी वाट पाहत बसलो. हात खाली यायच्या आधीच भेटीची वेळ संपली.

गेल्या आठवड्यात धूळ फार साचली म्हणून ते झाकण मी इतक्या वर्षांनी पुन्हा उघडलं. आत बटणांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती, तिच्यावर त्याचं अक्षर. 'शालिक, आता परत सरळ नोको करू.'

बाहेर काट्यावर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून हात वर केला, आणि बराच वेळ खाली घेतला नाही.