चुलतीच्या वाक्यांचे चौकोन

अन्याय माझ्या चुलतीवर झाला. २००४ सालच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत, सगळ्या गावासमोर.

कासुर्डीजवळच्या आमच्या वस्तीवरून मेंढरं ज्या वाटेनं कालव्याच्या पाण्यावर जात, तिला तारेचं कुंपण पडणार होतं. चुलतीनं हातानं लिहिलेला अर्ज ग्रामपंचायतीत नेला, तर टाईप करून आणा म्हणून परत पाठवला. पत्रकं काढणारा मी, म्हणून ती माझ्याकडं आली. यवतच्या सायबर कॅफेत ती शेजारी बसून सांगत होती आणि मी टाईप करत होतो.

"लिही, आमची मेंढरं काय विमानानं पाण्यावर जायची?"

मी ते तसंच ठेवलं. चौथी शिकलेली बाई. पडद्यावरचं वाक्य बोट फिरवत वाचलं आणि पदर सावरून ताठ बसली.

कॅफेतला प्रिंटर बंद. फाईल फ्लॉपीत घेऊन दौंडच्या एका कॉम्प्युटर क्लासात गेलो. तिथं विंडोज नव्हतं, फुकटातली दुसरी सिस्टीम होती. सगळं काम टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसती अक्षरं टाईप करून हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत. सरांनी फाईल उघडली. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन.

"फाईल खराब झालीय. इंग्रजी अक्षरांत मारा, सभा उद्या हाय म्हणता ना."

आठवून आठवून मारलं. मराठी बोलणं, इंग्रजी अक्षरं.

सभेत ग्रामसेवक अर्ज वाचताना दोन ओळींतच अडखळला. मागून कुणीतरी विचारलं, मामी, इंग्रजी कवापास्नं? हशा झाला. पुढच्या सभेला बघू म्हणून कागद बाजूला ठेवला. घरी येताना चुलती एवढंच म्हणाली, "माझंच बोलणं हाय न्हवं ते? मग मलाच का वाचता यीना?"

पुढची सभा व्हायच्या आत कुंपण पडलं.

नंतर शिरूरला मित्राकडं तीच सिस्टीम सापडली. फाईल उघडली, तेच चौकोन. त्यानं फाईलला दोष दिला नाही, मराठी फॉन्ट टाकला. टर्मिनलमध्ये वेलांट्या घरंगळल्या, जोडाक्षरं फुटली, पण मेंढरं आली, विमान आलं. पडद्यावरच शेजारी उघडलेल्या साध्या लिखाणाच्या खिडकीत तर सगळं जसंच्या तसं. म्हणजे फाईल धडधाकट होती. आमची अक्षरंच न घेता ती सिस्टीम घराबाहेर पडली होती, आणि खराब कोण ठरलं? आम्ही.

प्रत्येक अक्षराला एकाच मापाचा डबा, हा टर्मिनल बनवणाऱ्यांचा नियम. आमचं अक्षर त्यात मावत नाही म्हणून ते तोडतात. अरे, डबा बदला की. लोक सांगतात, त्यात मराठी लिहितं कोण? दिसू दिलंत तर लिहील ना कुणी.

तेव्हा नुसती मान डोलवू नका. आजच्या आज आपल्या संगणकावरची ती काळी खिडकी उघडा. घरातल्या बाईचं एक वाक्य तिच्या बोलीत त्यात लिहा. चौकोन आले, अक्षर मोडलं, तर ती खिडकी बनवणाऱ्याला लिहा, नीट होईपर्यंत लिहीत राहा. आणि मराठीत लिहा.