हात न धरता उठायचं

माझ्या नातीला आणि तिच्याबरोबरच्या कबड्डीवाल्या पोरींना मी तोंडावर कधी शाबास म्हटलेलं नाही. मला ते जमत नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं, म्हणून लिहून ठेवते.

होळीच्या आधी मी परसात पडले. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पाय घसरला आणि पाठीवर आपटले. हाड मोडलं नाही. दुखलंही फार नाही. फक्त उठता येईना. अंग पुढे रेटायचं, अर्धं उठायचं, परत मागे पडायचं. भिंत चार हातांवर होती, पण तिथवर सरकायलाही जमेना. थोड्या वेळाने कोंबड्या माझ्या अंगावरून ये-जा करू लागल्या. शेवग्याच्या बुंध्याशी असलेलं ऊन माझ्या तोंडावर आलं, तेव्हा शेजारची जाऊ चिंच मागायला आली.

"हितं का झोपलीस गं?" ती म्हणाली.

"हौस म्हणून. हात दे."

आमचं दोघींचं फार पटत नाही. एकाच घरात सुना म्हणून आलो, पुढे घराचे दोन भाग झाले, आणि मधल्या भिंतीवरून जे बोलायचं ते बोलून झालं. पण तिने हात दिला. मग माझ्या मुलाला फोनही केला. तो करू नको असं मी तीनदा सांगितलं होतं.

मुलगा दहिवलीला फ्लॅटमध्ये राहतो. संध्याकाळी स्कूटरवर पोशीरला, आमच्या गावी, आला. चहा घेतला नाही, म्हणजे ठरवून आला होता.

"आता बास, आई. मे महिन्यात तुझं सामान हलवू. शेत कुणाला तरी करायला देऊ."

"मला काय झालंय?"

"तुला उठता येत नाही. खरं का खोटं?"

"बाजेचा कठडा धरून उठते मी."

"शेतात बाज नेणार आहेस?"

लावणीआधी वाढवलेली भाताची रोपं, त्याला आम्ही आवण म्हणतो, ती उपटायला शेतात खाली बसावं लागतं. ते बसणं आणि तिथून उठणं गेलं की शेतातलं माझं काम संपलं. दहिवलीचा फ्लॅट वाईट नाही आणि सूनही वाईट नाही. पण तिथे दिवसभर मी करू काय? नवरा गेल्यापासून एकाही वर्षी माझी लावणी चुकलेली नाही.

"मग काय केलं की तू गप बसशील?" मी विचारलं.

तो म्हणाला, "पावसाआधी माझ्यासमोर जमिनीवर पाठ टेकून झोप आणि कुणाचा हात न धरता उठून दाखव. उठलीस तर मी परत विषय काढणार नाही. नाही उठलीस तर टेंपो दारात उभा करीन."

मला जमणार नाही याची त्याला खात्री होती. मलाही होती. पण मी हो म्हटलं. हट्ट त्याने माझ्याकडूनच घेतलेला आहे, त्याला दोष देता येत नाही.

त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, कर्जतच्या कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळते. त्या कॉलेजात असं आहे की खेळणाऱ्या मुलांनी काही रविवार एखाद्या गावाला द्यायचे. नातीने आपला संघ पोशीरला आणला. दिवाळीपासून त्या सातआठ पोरी आमच्या शाळेच्या मैदानात लहान मुलींना कबड्डी शिकवत होत्या. मला त्याचं काही कौतुक नव्हतं. एकदा पाणी प्यायला आल्या तेव्हा मी विचारलंच.

"सर्टिफिकेट मिळतं ना गं तुमाला?"

त्यांच्यात एक आडव्या अंगाची, मोठ्या हाताची पोरगी आहे. पकड करायला तिला पुढे करतात. ती म्हणाली, "मिळतं की आजी. पाच रविवार भरले की मिळतं. आमचे कवाच भरले."

"मग अजून कशाला येता?"

"तुमच्या पोरींना अजून नीट पळता येत नाय म्हणून."

मी दुसरा तांब्या भरून आणला.

मुलगा अट घालून गेला, त्याच्या पुढच्या रविवारी नात एकटीच घरात आली. मी खाली बसून लसूण सोलत होते. ती दारात उभी राहून बघत होती. मी बाजेचा कठडा धरला, दात आवळले, उठले.

"आजे, तू उठताना चुकतेस," ती म्हणाली.

"तुझा बाप जन्मायच्या आधीपासून उठतेय मी."

"तेव्हा अंगात ताकद होती, चुकलं तरी चालत होतं. आता सरळ समोर उठू नको. आधी कुशीवर वळ, मग रांग, मग उठ. आम्हाला खाली पाडतात तेव्हा आम्ही तसंच उठतो. गुडघा दुखावला होता माझा, तेव्हा मी हेच शिकले."

तिचा गुडघा दुखावला तेव्हा मी तिला काय म्हटलं होतं ते मला आठवलं. खेळ सोड, तंगडी मोडली तर कोण करून घेईल तुला, असं म्हटलं होतं. तिलाही आठवलं असणार.

तिने पोरींना सांगितलं, आणि पोरींनी ठरवलं की एका आजीला कशाला, गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना शिकवू. चांगलं ठरवलं, पण जागा धरली देवळाचा मंडप. फरशी थंड, वर पत्रा, ऐसपैस. आम्ही नऊदहा जणी जमलो. ती मोठ्या हाताची पोरगी फरशीवर उताणी झोपली, वळली, रांगली, उठली. दोनदा करून दाखवलं आणि म्हणाली, "आता तुमी झोपा."

कोणी हललं नाही. पारावर चार म्हातारे बसले होते, त्यांतले दोन आमचे थोरले दीर. समोर देव. पोरी वाट बघत होत्या. त्यांना काही कळत नव्हतं.

जाऊ म्हणाली, "देवापुढं, पुरुषांपुढं उताणी पडू? एकदा पडायचं हायच की. तवा चौघं उचलतील, उठायची कटकट नाय."

सगळ्या हसल्या आणि पदर सावरत घरी गेल्या. मीही गेले. घरी येऊन मला माझाच राग आला. माझ्याच गरजेपायी हे सगळं निघालं होतं आणि मीच झोपले नव्हते. पण खोटं कशाला लिहू, चार माणसांत पाठ टेकायची म्हणजे जीव नको होतो. आमच्यात बाई आजारी असली तरी पाहुणा आला की उठून बसते.

त्याच्या पुढच्या रविवारी पोरी देवळाकडे गेल्या नाहीत. माझ्या घरामागे खळं आहे. वाल झोडून झाले होते, ते मोकळं होतं. पण त्याला लागून रस्ता जातो आणि कुंपण मी कधी केलेलं नाही. नातीने खळ्याच्या कडेला पोरींना एका रांगेत उभं केलं. कबड्डीत चढाई करणाऱ्याला घेरायला त्या एकमेकींची मनगटं धरून साखळी करतात, तशी साखळी त्यांनी केली. तोंडं रस्त्याकडे, पाठी आमच्याकडे.

नात म्हणाली, "साखळी सुटायची नाय. मागं कुणी बघायचं नाय. रस्त्यानं कोण आलं तर त्याच्याकडं बघत राहायचं, तो आपोआप पुढं जाईल."

मग माझ्याकडे वळली. "चल, आजे."

मी काष्टा घट्ट केला आणि खळ्यावर पाठ टेकली. जाऊ गोल पातळ नेसते. तिने ते गुडघ्यांत खोचून घेतलं, पाचदा साखळीकडे बघितलं आणि माझ्या शेजारी आडवी झाली. तिच्या मागून बाकीच्या. कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, मग हात, मग लहान पोरासारखं रांगतं व्हायचं, एक पाऊल पुढे घ्यायचं, आपलाच हात आपल्याच गुडघ्यावर दाबायचा आणि वर यायचं. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी रांगण्यापर्यंत आले आणि तशीच राहिले. जाऊ कुशीवर वळली आणि तिला मोठ्याने वारा सरला. साखळीतल्या पोरींचे खांदे गदागदा हलायला लागले, पण एकीचीही मान मागे वळली नाही. रस्त्याने दुधाची गाडी येत होती. गाडीवाला त्यांच्याकडे बघून इतका गोंधळला की त्याने हॉर्न वाजवला.

त्या दिवशी मला त्या पोरी पहिल्यांदा आवडल्या.

दर रविवारी आम्ही खळ्यावर पडायला लागलो. परीक्षा होती तेव्हा एक रविवार चुकला. पुढे कॉलेजला सुट्टी लागली, तरी त्या येत राहिल्या. मेच्या शेवटून दुसऱ्या रविवारी आल्या, त्याच्या आदल्या दिवशी खालापूरकडे स्पर्धा होती. शेवटच्या सामन्यात एका गुणाने हरल्या होत्या. नातीचा ओठ सुजलेला, एकीच्या कोपराचं सालटं गेलेलं. मी विचारलं, काय झालं. "हरलो," ती म्हणाली आणि साखळीत जाऊन उभी राहिली. कोपराचं सालटं गेलेली तिच्या शेजारी उभी राहिली.

एकटीने सराव करायचा नाही अशी नातीची ताकीद होती. म्हणून मधल्या दिवशी जाऊ माझ्याकडे यायची. दार लावून आम्ही दोघी जमिनीवर पडायचो. ती माझ्याआधी उठायला शिकली आणि ते तिने आळीभर सांगितलं. मला गुडघ्यावरून वर येणं जमत नव्हतं. तिथेच अडायचं. कधी जमायचं, कधी बाजेकडे हात जायचा. जाऊ लगेच हातावर फटका मारायची.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलगा आला. पुढे तो स्कूटरवर, मागे टेंपो. टेंपो खरंच दारात उभा केला. ड्रायव्हर उतरून तंबाखू मळायला लागला. पोरी शाळेकडून आल्या होत्या, जाऊ ओट्यावर बसली होती.

"तयारी झाली का?" मुलाने विचारलं.

"झाली," मी म्हटलं आणि अंगणात उतरले.

नातीने खूण केली तशा पोरी पुढे आल्या आणि मनगटं धरायला लागल्या. टेंपोवाला बघत होता. समोरच्या ओट्यावर थोरले दीर होते. मी त्या पोरींकडे बघितलं. इतके रविवार त्या उन्हात आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या होत्या.

"नको गं," मी म्हटलं. "बाजूला व्हा. बघू दे ज्याला बघायचं त्याला."

मी अंगणाच्या मधोमध पाठ टेकली. थोरल्या दिरांनी मान फिरवली. टेंपोवाल्याचा हात तंबाखूवर थांबला. मी कुशीवर वळले, कोपर टेकलं, रांगती झाले, पाऊल पुढे घेतलं. गुडघ्यावर हात दाबला आणि अडले. मांडी थरथरायला लागली. मुलगा दोन पावलं पुढे आला.

"पप्पा, हात लावू नका," नात म्हणाली.

"अगं, पडेल ती."

"पडू दे. परत उठेल."

"उठ की गं," जाऊ ओट्यावरून म्हणाली. "मला चिंच हवी हाय."

मी उठले. कशी ते मला सांगता येणार नाही, पण उठले. उभी राहून लुगड्याची माती झटकली. मुलगा माझ्याकडे बघत होता. पोरी हात बांधून उभ्या होत्या. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं त्यांना कोणी सांगितलं होतं का ते मला माहीत नाही. नातीचे डोळे भरले होते आणि ती ते दंडाला पुसत होती. तिच्या ओठाची सूज अजून पुरती उतरली नव्हती. त्या घटकेला मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या पोटच्या पोराचा त्याला नोकरी लागली तेव्हाही वाटला नव्हता. हे त्याला कळलं तरी चालेल.

"आई, दुसऱ्यांदा जमेल?" मुलाने विचारलं.

"तू झोपून दाखव," मी म्हटलं. "मग मी परत दाखवते."

तो हसला. टेंपोवाल्याने विचारलं की मग आता माल काय भरायचा.

"टेंपो आलाच हाय तर खत ने शेतावर," मी म्हटलं. परसातला उकिरडा भरला होता, आणि डोक्यावरून वाहायला माणूस मिळत नव्हता. पोरींनी फावडी, घमेली घेतली. मुलगा इस्त्रीच्या पँटीत होता. त्याने ती दुमडली. ती मोठ्या हाताची पोरगी दोघांचं खत एकटी उचलत होती आणि त्याला म्हणत होती, "काका, पाठीनं नाय, पायानं उचला." दुपारपर्यंत टेंपोच्या तीन खेपा झाल्या. मी सगळ्यांना वालाचं बिरडं आणि भात घातला. तेवढंच माझं शाबास.

लावणी झाली. आवण मी खाली बसून उपटलं आणि ज्या त्या वेळी आपली आपण उठले. पोरी दोन दिवस येऊन चिखलात राबल्या. पहिल्या ओळी इतक्या वाकड्या लावल्या की मला उपटून परत लावाव्या लागल्या. तेही त्यांना तोंडावर सांगितलं.

श्रावणात मी परत पडले. विहिरीपाशी शेवाळ होतं. उठले, हंडा धुतला, पाणी घेऊन घरी आले आणि मग नातीला फोन केला.

"कुठल्या कुशीवर वळलीस?" तिने विचारलं.

"डाव्या."

"बरोबर. शेवाळ खरवडून टाक आजच."

खरवडून टाकलं. मुलाला अजून सांगितलेलं नाही.