उभ्या गाडीची काच

फोन सुहासचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा होता. "नंदूदादा गेला गं," एवढंच तो म्हणाला... गाला नावाच्या भागातल्या गॅरेजसमोर, दुपारच्या सुट्टीत, एसी चालू ठेवून दादा गाडीत आडवा झाला होता. इथे ओमानमध्ये उन्हाळ्यात दुपारी कितीतरी माणसं अशीच गाडीत डोळा लावतात, त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही. सुट्टी संपली, शेजारची वर्कशॉप उघडली, माणसं दोन्ही बाजूंनी ये-जा करत राहिली. शेवटी दादाच्या गाडीमुळे कुणाची तरी गाडी अडकली, त्याने हॉर्नवर हॉर्न वाजवले, तेव्हा कळलं.

दादा माझा चुलतभाऊ, मूळचा कुडाळचा, जनरेटर दुरुस्त करणारा. तो आला तेव्हा गालात नुसती खडी आणि ऊन होतं म्हणे. आतल्या वाळवंटात कामाला गेलं की दिवसभरात एखादीच गाडी दिसायची. एकदा त्याची पिकअप वाळूत रुतली. ऊन कलल्यावर, लांबून चाललेल्या एका ओमानी म्हाताऱ्याने आपली गाडी मुद्दाम वळवली, म्हणून दादा वाचला. तेव्हापासून रस्त्याकडेला उभी गाडी दिसली की हा थांबणारच. काच वाजवणार, "सब ठीक, भाई?" विचारणार. मी वैतागून म्हणायचे, "तू काय साऱ्या ओमानचा मामा लागतोस?"

"हसून घे गो," तो म्हणायचा. "अडकलेलो माणूस हाक मारून मारून थकता. आपणच जावन विचारूक व्हया."

पुढे डोळ्यांदेखत सगळं भरत गेलं. गालात वर्कशॉप, कामगारांच्या खोल्या; आमच्या अझैबात तर घराखाली गाडी लावायला जागा मिळेना. आतलं वाळवंट रिकामं ते रिकामंच, आणि माणसं सगळी या किनाऱ्याच्या पट्टीत दाटीवाटीने. मला ते बरं वाटायचं. एवढ्या माणसांत आपल्याला काय होणार? दादा मात्र शहरात उभ्या गाड्यांपाशी थांबेनासा झाला. "किती जणांची काच वाजवतलंय?" म्हणाला आणि कसंनुसं हसला.

आता मला भीती वाटते. सुहासही दुपारी गाडीतच झोपतो. मी फोन लावते आणि तो उचलेपर्यंत जागची हलत नाही... रस्त्याने जातानाही माझी नजर गाड्यांच्या आतच असते.

परवा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एकजण सीट मागे टाकून पडला होता. तोंड उघडं. मी काच वाजवली. तो हलला नाही. मी दोन्ही हातांनी काच बडवली. ट्रॉल्या ढकलणारे लोक वळून बघत होते, पुढे जात होते. एकदाचे त्याने डोळे उघडले, चिडून काच खाली केली. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि दार उघडून बाहेरच आला.

"दीदी, आप काँप रही हैं. बैठिए. कोई साथ में है आपके?"

सगळं पार्किंग माणसांनी भरलेलं होतं.

"नहीं," मी म्हटलं.