अकराव्या गुरुवारचं मीठ

माझी श्रद्धा किती खरी होती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तरी ती बरीचशी भीतीच होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पीएचडीसाठी सॉल्ट लेक सिटीला आलो आणि पात्रता परीक्षेत नापास झालो. शंका घेऊन प्राध्यापकांकडे जायची मला लाज वाटायची. याला एवढंही येत नाही, असं त्यांना वाटेल म्हणून. दुसऱ्या, शेवटच्या परीक्षेची तयारी सुरू करताना दत्तमहाराजांचे अकरा गुरुवार अळणी करायचे, असा नवस मी बोललो. मीठ अजिबात नाही. "खाऱ्या तळ्याच्या गावात राहून अळणी खातोस, यार," असं माझा रूममेट समीर चिडवायचा.

सोमवारी निकाल होता. त्याआधीच्या गुरुवारी, म्हणजे अकराव्या, आम्ही दोघं युटा राज्याच्या दक्षिण भागात तंबू टाकून होतो. दरीतून चालत एका धबधब्यापर्यंत जायचं ठरलं होतं, पण नव्या बुटांनी समीरच्या पायांना फोड आले. "तू जाऊन ये. माझ्याही वाटचं दर्शन घे. आणि पाणी भरपूर पी," म्हणत तो आडवा झाला.

मी केळी, खजूर आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन एकटा निघालो. दोन्हीकडे लाल कडे, पायाखाली मऊ, तापलेली वाळू. घाम येताच वाळत होता. समीरने सांगितल्याप्रमाणे मी भरपूर पाणी पीत राहिलो. दोन-अडीच मैलांवर पोटऱ्यांत गोळे आले, मळमळू लागलं. आणखी पाणी प्यायलो, तर जास्तच वाईट वाटलं. फोनला रेंज नव्हती. एका कड्याच्या सावलीत बसलो आणि म्हटलं, "महाराज, शेवटचाच गुरुवार आहे. एवढा पार पाडू द्या."

थोड्या वेळाने वळणावरून गवती टोपी घातलेली एक म्हातारी बाई काठी टेकत आली. माझ्याकडे पाहून थांबली, मनगट धरलं, काय खाल्लं ते विचारलं आणि पिशवीतून खारे प्रेट्झेल, म्हणजे वर मिठाचे खडे लावलेली कुरकुरीत बिस्किटं, काढले.

मी मान हलवली. "आज मीठ चालत नाही. देवाचं आहे."

"मी तीस वर्षं नर्स होते," ती म्हणाली. "मीठ घामावाटे गेलंय, आणि तू नुसतं पाणी ओततोयस. पाप लागणार असेल तर माझं नाव सांग. हात पुढे कर."

मी बराच वेळ हात पुढे केला नाही. दहा गुरुवार डोळ्यांसमोर येत होते. मग केला. पहिला घास जिभेवर टेकला आणि मला रडू आलं.

तासाभराने गोळे सुटले. ती नुकतीच धबधबा पाहून परतत होती, तरी माझ्याबरोबर पुन्हा मागे वळली. अर्धा मैल गेलो आणि हवा एकदम गार झाली. उंच कड्यावरून पांढरं पाणी उतरत होतं, खाली हिरवा डोह, दगडांवर ओलं शेवाळ. जिथे मी मरायला टेकलो होतो, त्याच वाळवंटाच्या पोटात हे पाणी अखंड पडत होतं. मी येवो न येवो, कोणी उपास करो न करो. तुषार तोंडावर आले. मी हात जोडले, पण काय मागायचं होतं ते आठवेना.

संध्याकाळी गावातल्या फोनवरून, कॉलिंग कार्ड वापरून, आईला सांगितलं, की गुरुवार मोडला.

"मोडला कुठं?" आई म्हणाली. "महाराज काय दर वेळी झोळी घेऊनच येतात? एखादे वेळी टोपी घालूनही येत असतील."

सोमवारी पास झालो. त्याचा मिठाशी संबंध मी लावत नाही. एवढंच, की त्यानंतर अडलं की लाज न धरता प्राध्यापकांचं दार वाजवू लागलो. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. आजही दर गुरुवारी जेवणाआधी चिमूटभर मीठ तळहातावर घेतो, आणि तेवढा वेळ माझ्याजवळ मागायला काहीच उरत नाही.