दोन गुणांच्या मधे

गायकवाड सिस्टर मॅचला बसायच्या, पण खेळ बघायच्या नाहीत. चेंडू टेबलावर नाचत असेपर्यंत त्यांची मान मांडीवरच्या वहीत असायची. गुण संपला की मान वर. पुढची सर्व्हिस होईपर्यंत जे काही आठ-दहा सेकंद मिळायचे, तेवढे त्या आमच्याकडे टक लावून बघायच्या. चेहरा, खांदे, बॅट धरलेली बोटं. चेंडू उडाला की पुन्हा वही. शनिवार पेठेतल्या आमच्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये नवीन आलेल्या पालकांना याचं हसू यायचं. एकाने तर तोंडावर विचारलं, "अहो, तुम्हाला खेळातलं काही कळतं का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "टॉपस्पिन कशाशी खातात तेही मला माहीत नाही. ते शिकवायला सर आहेत. दोन गुणांच्या मधे पोर काय करते, तेवढं मी बघते."

त्या एका सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात नर्स होत्या. राहायला येरवड्याला. त्यांची मुलगी उज्ज्वला माझी डबल्सची जोडीदार. सकाळची पाळी संपवून त्या मुलीला बसने हॉलवर आणायच्या आणि ती खेळेपर्यंत बाकावर बसून राहायच्या. त्या आमच्या मार्गदर्शक कधी झाल्या, ते कुणाला नेमकं सांगता येणार नाही. माझ्यापुरतं मात्र मला सांगता येईल.

मी तेरा वर्षांची होते. आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्याआधी मी बाथरूमची कडी लावून ओकत होते. बाहेरून आई म्हणत होती, घाबरू नकोस. सर म्हणत होते, घाबरायचं काय त्यात. मग एक अनोळखी आवाज आला. "ओकून झालं का गं? बरं झालं. आता नळ अगदी बारीक सोड आणि पाण्याखाली मनगटं धर. वीस आकडे मोज. मग दार उघड." मी दार उघडलं, तर समोर सिस्टर, हातात टॉवेल. मी म्हटलं, "मला भीती वाटतेय." त्या म्हणाल्या, "वाटणारच. घाबरू नकोस म्हटल्याने आजवर कुणी घाबरायचं थांबलेलं मी पाहिलं नाही. तू घाबर. घाबरलेल्या हातानेच सर्व्हिस कर. हाताला सर्व्हिस येते, भीतीला काही येत नाही."

दर मंगळवारी सरावानंतर त्या आम्हा सात-आठ मुलींना जमिनीवर बसवायच्या. डोळे मिटून एकेक गुण मनात खेळायला लावायच्या. चेंडूचा आवाजसुद्धा ऐकू आला पाहिजे, असा हट्ट. गुण गेला की "असं कसं झालं?" हा प्रश्न त्यांच्याकडे बंद होता. त्याऐवजी टेबलाच्या कोपऱ्यावर तळवा पुसायचा, एक श्वास पूर्ण सोडायचा आणि स्वतःला विचारायचं, "आता कुठे?" म्हणजे पुढची सर्व्हिस कुठे टाकायची. एवढंच. "गेलेल्या गुणाचं तेरावं घालत बसू नका," असं त्या म्हणायच्या. "मन खंबीर करा वगैरे मला सांगता येत नाही. हाताला काम द्या, मन येईल मागून."

तेव्हा गेम एकवीस गुणांचा असायचा. राज्य स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, तिसऱ्या गेमला, अठरा-अठरावर समोरचीचा चेंडू टेबलाच्या उभ्या बाजूला लागला, म्हणजे गुण माझा; पण पंचांनी तो वरच्या कडेला लागला म्हणून गुण तिला दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाकाकडे पाहिलं. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या, आणि आपला तळवा पदराला पुसत होत्या. मी टेबल पुसलं, श्वास सोडला, पुढचा गुण घेतला आणि शेवटी एकोणीस-एकवीसने हरले. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "हरलीस, पण शेवटचा गुण खेळून हरलीस. बाकीच्या त्याच्या आधीच हरलेल्या असतात." माझ्या कपाटातले सगळे कप मी कधीच देऊन टाकलेत. ते वाक्य तेवढं राहिलंय.

पुढे खेळ सुटला. उज्ज्वला शिक्षिका झाली. मी इंजिनिअर झाले, दोन वर्षं अमेरिकेत काढली आणि हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत परत आले. पुण्यात तोवर पैसा दिसायला लागला होता. हॉलच्या बाहेर सायकलींच्या जागी गाड्या लागत होत्या. आमच्या कंपनीला समाजासाठी काहीतरी करायचं होतं. मी क्लबचं नाव सुचवलं, आणि प्रायोजकांची प्रतिनिधी म्हणून क्लबच्या समितीत जाऊन बसले. सिस्टर अजूनही दर मंगळवारी येत होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण एक मंगळवार चुकला नव्हता. एक पैसा त्यांनी कधी घेतला नव्हता.

त्या वर्षी एका पालकाला कुठून तरी कळलं, की या बाई मनोरुग्णांच्या वॉर्डात होत्या. समितीच्या बैठकीत ते गृहस्थ उभे राहिले. "आमच्या मुली काय वेड्या आहेत? त्यांच्यावर हे प्रयोग कशासाठी?" दुसऱ्या एक बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "गायकवाड म्हणजे नक्की कुठल्या हो?" सेक्रेटरी दामलेकाका चष्मा पुसत म्हणाले, "येरवड्याच्या." खोलीतल्या सगळ्यांना प्रश्नही कळला आणि उत्तरही.

मी तिथे बसले होते. समोर लॅपटॉप होता. सिस्टरना मुक्त करण्याचा आणि आधुनिक पद्धतीचा मेंटल कंडिशनिंग कन्सल्टंट नेमण्याचा ठराव मीच टाईप केला, कारण माझा टायपिंगचा वेग चांगला होता.

सिस्टरना कुणी 'येऊ नका' म्हणालं नाही. पुण्यात असं म्हणत नाहीत. त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, दामलेकाकांचं भाषण. दोन शब्द बोला म्हटल्यावर सिस्टर उभ्या राहिल्या. "मला कळलं," त्या म्हणाल्या. "तरी एक विचारते. परवा मंगळवार आहे. येऊ का?" दामलेकाका हसले. "आता आपण विश्रांती घ्यावी." सिस्टरनी शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली आणि गेल्या.

कन्सल्टंटने पहिल्याच महिन्यात मुलींकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि गुणांनुसार प्रत्येकीच्या 'मानसिक कणखरपणा'चा क्रम भिंतीवर लावला. सानिका नावाची एक सोळा वर्षांची मुलगी होती, क्लबातली सगळ्यात गुणी. तिने 'सामन्याआधी भीती वाटते का?' याला 'नेहमी' असं खरं उत्तर दिलं होतं. ती यादीत शेवटची आली. पुढच्या वेळी बाकीच्या मुली खोटं लिहायला शिकल्या. सानिकाला ते जमलं नाही. काही आठवड्यांनी जिल्हा स्पर्धेत सर्व्हिसच्या वेळी तिच्या तळहातावरचा चेंडू वर उडेचना. ती नुसती उभी. पंचांनी दोनदा सांगितलं, तरी उभीच. तिच्या वडिलांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "आमचे पैसे काय झाडाला लागतात?"

ती गेली सिस्टरांकडे. क्लास बुडवून, दोन बस बदलून, येरवड्याला. चार महिने. हे तिने फक्त मला सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नका म्हणाली होती. सिस्टरनी तिला पहिला आठवडाभर चेंडू हातातसुद्धा घेऊ दिला नव्हता. गच्चीवर बसून भाजी निवडायला लावली होती. "बोटांना आधी कळू दे, की आपल्याला कुणी मोजत नाहीये."

त्या वर्षी सानिकाने राज्य स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. क्लबने माहितीपत्रक छापलं. मुखपृष्ठावर सानिका, तिच्या खांद्यावर हात ठेवलेला कन्सल्टंट, आणि आतल्या पानावर 'आमची शास्त्रीय पद्धत': तळवा पुसा, श्वास सोडा, विचारा 'व्हॉट नेक्स्ट?' हा मजकूर मंजुरीसाठी माझ्याकडे आला. मी एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि पाठवून दिला.

सिस्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. हॉलमध्ये शोकसभा झाली नाही. नव्या मंडळींना त्या कोण, हे माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी विषय काढला नाही. त्यांची माझी शेवटची भेट त्यापूर्वी वर्षभराची. ते माहितीपत्रक पर्समध्ये घालून एका दुपारी मी येरवड्याला गेले होते. सांगून मोकळं व्हावं, असं वाटत होतं.

त्यांनी चहा केला. माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं. "छपाई चांगली आहे," म्हणाल्या. "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे." मग मी म्हटलं, "सिस्टर, त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं."

"हं. का नाही बोललीस? घाबरलीस?"

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मला 'हो' म्हणता आलं असतं. 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं असतं. घाबरलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे आयुष्यभर जागा होती. पण ती नजर समोर असताना खोटं बोलणं मला कधीच जमलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "घाबरले नव्हते. एवढ्यासाठी कशाला वाईटपणा घ्यायचा, असं वाटलं."

त्यांनी माहितीपत्रकाची घडी घातली आणि ते माझ्या हातात परत दिलं.

"मग त्यावर माझ्याकडे काही नाही, मेधा," त्या म्हणाल्या. "भीतीचं मला कळतं. हे नाही कळत."

त्यांनी माझा अर्धा राहिलेला चहाचा कप उचलला आणि म्हणाल्या, "उज्ज्वला येईल आता शाळेतून. तिच्यासमोर हे काढू नकोस. ती तुला अजून मैत्रीण समजते."