लोकेशचं लांबलेलं शिबिर

श्रामणेर शिबिर तसं आठ-दहा दिवसांचं. डोकं भादरायचं, भिक्खूंचं चीवर घालायचं, ध्यान करायचं आणि पुन्हा आपल्या नोकरीला लागायचं. लोकेशचं शिबिर मात्र तीन महिने चाललं. तरी भाईंदर पूर्वेला गोडदेवच्या त्यांच्या इमारतीत कोणी शंका काढली नाही, कारण सांगणारी त्याची आई वैजयंता होती आणि विहाराची चावी कित्येक वर्षं तिच्याच पदराला होती.

खरं म्हणजे लोकेश दारू सोडवण्याच्या केंद्रात होता. दोन नोकऱ्या घालवल्यावर बापानं, कोंडिरामनं, त्याला तिथे नेऊन ठेवलं. शिबिराची युक्ती वैजयंताची. त्याच्या धाकट्या बहिणीचं, पंचशीलाचं, लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडची माणसं चौकशीखोर.

"खोटंच बोलायचंय तर दुबई सांग," कोंडिराम म्हणाला होता. "थेट बुद्धाला कशाला मध्ये घेतेस?"

"दुबई म्हटलं की लोक चॉकलेटं मागतात."



तीन महिन्यांनी सोडताना केंद्रातल्या बाईंनी बजावलं, "घरात लपवाछपवी नको. दर रविवारी भाईंदर पश्चिमेला दारू सोडलेल्यांची मीटिंग असते, तिथे याला पाठवत जा." वैजयंतानं मान हलवली. पश्चिमेला पंचशीलाचे होणारे सासरे राहत होते. मीटिंग तिथेच बारगळली. येताना तिनं घोडबंदरला रिक्षा थांबवली आणि अनोळखी न्हाव्यापुढे पोराला बसवलं.

"आई, हे काय आता?"

"शिबिराहून कोणी केस घेऊन येतं का?"

टक्कल पाहून इमारत गहिवरली. "काय तेज आलंय हो लोकेशभाऊंना," वरच्या मजल्यावरची आशा म्हणाली. तीन महिने वेळेवर जेवून-झोपून आलेलं तेज ते. "ताई, या पौर्णिमेला विहारात पंचशील तेच देतील ना?"

नाही म्हणायला वैजयंताकडे कारणच उरलं नव्हतं.

"मला नको लावू," लोकेश म्हणाला.

"पाच ओळी तर आहेत. लहानपणापासून पाठ आहेत तुला."

पौर्णिमेला विहार भरला. लोकेश पुढे बसून एकेक शील म्हणत होता, मागून सगळे म्हणत होते. चार झाली. पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. लोकेश थांबला. लोकांकडे वळला. त्याचं तोंड उघडलं आणि बायकांत बसलेल्या वैजयंतानं ते ओळखलं. लहानपणी काच फोडून आला की कबूल करण्याआधी तो असाच दिसायचा. तिनं खणखणीत आवाजात पाचवं शील स्वतःच म्हटलं. सगळ्यांनी तिच्यामागून म्हटलं. पोरगं भारावलं, असं लोकांना वाटलं. एका म्हाताऱ्यानं तर डोळे पुसले.

जिना चढताना लोकेश म्हणाला, "मी सांगणार होतो. कुठे होतो ते."

"कळलं मला. म्हणून तर म्हटलं."

"सुटल्यासारखं वाटलं असतं गं."

"पंचशीलाचं होऊन जाऊ दे. मग सांग कोणाला सांगायचं ते."

त्यानं मान हलवली. मान हलवण्याची कला त्यानं आईकडूनच उचलली होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी रिक्षावाल्यानं तर्र झालेल्या लोकेशला बखोटीला धरून वर आणलं. जिन्यात आशा भाजीची पिशवी घेऊन उभी होती. ती भिंतीला सरकली. सकाळी कोंडिराम त्याला परत केंद्रात घेऊन गेला.

दुपारी आशा दारात आली. वैजयंतानं पदर सावरला, उत्तर तयार ठेवलं. पण आशानं लोकेशबद्दल विचारलंच नाही. तिचा खालचा ओठ सुजला होता.

"ताई, आमच्या ह्यांना, सुभाषना पण शिबिराला पाठवायचंय," ती हळू म्हणाली. "लोकेशभाऊ जातात तिथेच. पत्ता द्या ना. मी कोणाला बोलणार नाही."

पत्ता वैजयंताच्या जिभेवर आला. पण तो दिला की बाकीचं सगळंच दिल्यासारखं होतं. आत पंचशीला फोनवर हसत होती.

"ते शिबिर बंद झालं आता," वैजयंता म्हणाली.

"आणि लोकेशभाऊ?"

"गावी गेलाय."

आशानं मान हलवली. वैजयंतानं दार लोटलं. फटीतून दिसलं, आशा वर गेलीच नव्हती. कठडा धरून तिथेच उभी होती. वैजयंतानं कडी घातली, अगदी हलक्या हातानं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.